शंभर मणांतील एक मण

जुन्या नाण्यांचा छंद असलेल्या एखाद्या गृहस्थाचा संग्रह आपण पाहिला, तर त्यात धार आणि देवास या संस्थानांचे तांब्याचे पैसे बहुधा आढळतात. धारचे नाणे १८८७ सालचे. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची नाणी १८८८ सालची. एका अंगास व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आहे, तर दुसऱ्या अंगास संस्थानाचे नाव. संस्थाने पवारांची, म्हणजे मराठ्यांची, मुलूख माळव्याचा, परंतु नाणी पाडली गेली ती १८७६ च्या कायद्यान्वये कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीत. आणि त्यातील तांबे? माळव्यात त्या काळी तांब्याची चालू खाण नव्हती. नाव धारचे, देवासचे, मुद्रा विलायतेची, आणि धातू परठिकाणचा, असा तो पैसा होता.

आज हे स्मरण करण्याचे कारण असे, की सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, संस्थाने गेली, तांब्याचा पैसाही व्यवहारातून गेला. परंतु तांब्याच्या बाबतीत आपली स्थिती पुष्कळशी त्या पैशासारखीच राहिली आहे. देवासला किर्लोस्करांच्या कारखान्यात पंप तयार होतात. विजेच्या पंपाचे हृदय म्हणजे मोटारीतील तांब्याच्या तारेचे वेटोळे. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. अशा यंत्रांस दर मेगावॉटमागे सुमारे तीन टन तांबे लागते. धार जिल्ह्यातील पीथमपूर हे मोटारगाड्यांच्या कारखान्यांचे गाव झाले आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत वीस-पंचवीस किलो तांबे असते, तर विजेवर चालणाऱ्या गाडीत ऐंशी किलोच्या घरात. नव्या युगाची वीज सूर्यापासून घ्या की वाऱ्यापासून, ती वाहून न्यावयाची तर वाट तांब्याचीच धरावी लागते. आणि हे तांबे आपल्या भूमीतून निघणाऱ्या खनिजातून किती मिळते? देशाच्या गरजेच्या शंभर भागांपैकी चार-पाच भागही नाही. बाकीचे परदेशांतून आणलेल्या खनिजावर, आणलेल्या धातूवर आणि मोडीवर भागते.

माळव्याला हा अनुभव नवा नाही. देवासपासून फार दूर नसलेले, उज्जैनच्या पूर्वेचे कायथा हे गाव आपण ऐकले असेल. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९६४ साली तेथील प्राचीन वसाहत उजेडात आणली. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या थरांत साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी आणि मडक्यात जपून ठेवलेल्या तांब्याच्या बांगड्या सापडल्या. माळव्याचे पठार बहुतांशी ज्वालारसाच्या काळ्या दगडाचे, आपल्या देशावरच्या पठाराचेच भावंड. त्या दगडाने कापसाची उत्तम जमीन दिली. तांबे दिले नाही. कायथ्याचे तांबे राजस्थानाकडून आले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या माळव्याच्या गृहिणीची बांगडीदेखील परठिकाणच्या धातूची होती.

मग आपल्या देशात तांबे नाहीच काय? आहे, परंतु ते कसे आहे, हे समजून घेण्यासाठी धारवरूनच पूर्वेकडे जावे लागेल. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट, गोंदिया, भंडारा, शिवनी या भागांत पोवार समाजाची मोठी वस्ती आहे. हा समाज आपले मूळ स्थान धार नगरी असे पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे. बालाघाटचा प्रदेश पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एकीकडे आणि बालाघाट दुसरीकडे गेले. या बालाघाट जिल्ह्याच्या ईशान्य भागात, गोंड आणि बैगा लोकांच्या वस्तीच्या डोंगराळ मुलखात मलंजखंड नावाचे ठिकाण आहे. देशातील तांब्याच्या खनिजाचा सर्वांत मोठा ज्ञात साठा येथे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६९ पासून त्याचा पद्धतशीर शोध घेतला, आणि १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीने तेथे उघडी खाण खोदली. १९८२ साली तो प्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला वीस लाख टन दगड काढावयाचा, अशी त्याची मूळ योजना होती.

आता त्या दगडात तांबे किती? सुमारे एक टक्का. शंभर मण दगड फोडावा, तेव्हा त्यात एक मण तांबे. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ ही म्हण आपण उपहासाने वापरतो. येथे डोंगर खरोखरच पोखरावयाचा आहे, आणि हाती लागावयाचा तो उंदरापेक्षा फार मोठा नाही. तरीही हा उद्योग करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या अटींवर करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एक टक्का ऐकून आपल्याला वाटते, की निसर्गाने आपल्यालाच कोरडे ठेवले आणि इतरांच्या पदरात भरभरून टाकले. वस्तुस्थिती तशी नाही. जगातील तांब्याच्या खाणींतील दगडाची सरासरी प्रत आज एक टक्क्याहूनही खाली उतरली आहे. चिली देश जगात सर्वाधिक तांबे काढतो, तेथेही मोठमोठ्या खाणी याच पायरीवर आहेत. समृद्ध शिरा होत्या त्या मागच्या पिढ्यांनी उपसून घेतल्या. या पिढीच्या वाट्याला जगभर हलका दगडच आला आहे.

हलक्या दगडाचे हे युग सुरू कसे झाले, ती कथा मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेच्या युटा संस्थानात बिंगहॅम नावाची एक दरी आहे. १८९९ साली डॅनियल जॅकलिंग आणि रॉबर्ट गेमेल या दोन तरुण अभियंत्यांनी तेथील डोंगराची पाहणी करून एक अहवाल लिहिला. डोंगरात तांबे होते, पण ते सर्वत्र पातळपणे विखुरलेले, शंभरांत अवघे दोन भाग. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खाणवाला शिरेचा माग काढीत भुयार खणी आणि चांगला दगड तेवढा निवडून वर आणी. या हिशेबाने बिंगहॅमचा डोंगर कवडीमोलाचा होता. जॅकलिंगचे म्हणणे असे, की निवड करूच नका. सबंध डोंगरच उचला. दररोज हजारो टन दगड यंत्राने काढला, आगगाडीने वाहिला आणि एकाच प्रचंड गिरणीत दळला, तर दर टनामागचा खर्च इतका उतरेल, की दोन टक्के तांबेदेखील नफा देईल. खाणधंद्यातील जाणत्यांना हे गणित वेडेपणाचे वाटले. परंतु १९०६ साली तेथे वाफेची खोदयंत्रे चालू लागली, आणि पुढे त्या डोंगराच्या जागी सुमारे चार किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटरहून अधिक खोल असा खड्डा झाला. तेथे आजही काम चालू आहे, आणि आजच्या दगडात तांबे अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असते.

या कथेतून एक तत्त्व निघते. कोणत्या दगडाला ‘खनिज’ म्हणावे आणि कोणत्याला नुसता धोंडा म्हणावे, हे केवळ निसर्ग ठरवीत नाही. तांब्याचा बाजारभाव, यंत्रांची ताकद, विजेचा दर, वाहतुकीची सोय आणि रसायनशास्त्राची प्रगती या सर्वांनी मिळून एक रेषा ओढली जाते. रेषेच्या वरचा दगड गिरणीत जातो, खालचा ढिगावर जातो. भाव चढला अथवा रीत सुधारली, की रेषा खाली सरकते आणि काल फेकलेला धोंडा आज धन ठरतो. म्हणून खाणवाले शहाणे असले, तर हलका दगड टाकतानाही तो वेगळा रचून ठेवतात.

आता शंभर मणांतून एक मण वेगळे कसे करतात, ते पाहू. मलंजखंडच्या दगडात तांबे शुद्ध धातूच्या रूपात नसते. गारेच्या आणि ग्रॅनाइटच्या अंगात पितळेसारखे चमकणारे कण असतात, त्यांस कॅल्कोपायराइट म्हणतात. या कणात तांबे, लोखंड आणि गंधक यांचा प्रत्येकी साधारण तिसरा हिस्सा असतो. अगोदर हिऱ्याच्या दातांच्या गिरमिटाने भूगर्भात खोल भोके पाडून दगडाच्या लांब कांड्या बाहेर काढतात, त्यांची परीक्षा करतात, आणि त्यावरून खनिज कोठे दाट आणि कोठे विरळ आहे, याचा नकाशा संगणकाच्या साहाय्याने तयार करतात. मग सुरुंग लावून दगड उडवितात, प्रचंड गाड्यांतून तो वाहून नेतात आणि मोठ्या जबड्यांच्या यंत्रांत भरडतात. भरड झाली, की पोलादी गोळ्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपांत ती पिठासारखी बारीक दळतात. या दळण्यातच सर्वांत अधिक वीज खर्च होते.

यापुढची पायरी म्हणजे या उद्योगाची खरी किल्ली आहे. दळलेले पीठ पाण्यात कालवून त्यात थोडी औषधे मिसळतात. एका औषधाचा गुण असा, की ते तांब्याच्या कणावर बसते आणि त्या कणाला पाण्याचा विटाळ होतो. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसे त्या कणावर पाणी ठरत नाही. दुसऱ्या औषधाने फेस धरतो. खालून हवा सोडली, म्हणजे पाणी नको असलेला तांब्याचा कण हवेच्या बुडबुड्याला बिलगून वर येतो, आणि गारेचे पीठ तळाशी राहते. दूध उकळताना साय काढावी, तसा हा फेस वरच्यावर काढून घेतात. दगडासारखी जड वस्तू फेसावर तरंगवावी, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास हास्यास्पद वाटते. १८८६ साली अमेरिकेतील कॅरी एव्हर्सन या बाईंनी या तऱ्हेच्या एका रीतीचे पेटंट घेतले होते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे जस्ताच्या खनिजावर ही रीत मोठ्या प्रमाणात यशस्वी झाली आणि मग तांब्याच्या धंद्यात आली. तिच्याशिवाय हलक्या दगडाचा धंदा उभाच राहिला नसता.

आपण एक साधा हिशेब करू. एक टन, म्हणजे एक हजार किलो दगड घेतला. त्यात दहा किलो तांबे आहे. फेसाच्या रीतीने त्यातील नऊ किलो हाती लागले, असे धरू. काढलेल्या सायीत चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे साय भरली छत्तीस किलो. ही छत्तीस किलो पूड भट्टीकडे जाते. तेथे गंधक आणि लोखंड वेगळे होऊन पुढे विजेच्या साहाय्याने जवळजवळ पूर्ण शुद्ध तांबे मिळते. परंतु हजारातून छत्तीस वजा केले, तर उरले किती? नऊशे चौसष्ट किलो. हे नऊशे चौसष्ट किलो पाण्यात कालवलेले बारीक पीठ आहे, आणि ते कोठे तरी ठेवावयाचे आहे. आपल्या घरातील पाण्याचा हंडा तीन किलोचा असेल, तर त्यासाठी खाणीतून साडेतीनशे किलोंच्या घरात दगड निघालेला असतो, आणि त्या दगडाचे पीठ हंड्याच्या शंभरपटींहून अधिक वजनाचे होऊन कोठे तरी पडलेले असते. उघड्या खाणीत खनिजावरचा जो निरुपयोगी दगड अगोदर हलवावा लागतो, तो यात धरलेलाच नाही.

हलक्या खनिजाच्या उद्योगाचे यश आपण वर आलेल्या छत्तीस किलोंवरून मोजतो. परंतु त्याची परीक्षा मागे राहिलेल्या नऊशे चौसष्ट किलोंपाशी होते. शंभर मणांतील एक मण कसा काढावा, हे विद्येने आपल्याला शिकविले आहे. उरलेल्या नव्व्याण्णव मणांचे काय करावे, हे शिकविणारी विद्याही आहे. मात्र ती वापरावयाची की नाही, हा विद्येचा नव्हे, तर दानतीचा प्रश्न आहे.

हे पीठ मातीच्या बांधामागे तळ्यासारखे साठवितात. बांध नीट बांधला नाही, पाण्याचा निचरा राखला नाही, तर काय होते, ते कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ४ ऑगस्ट २०१४ रोजी दिसले. माउंट पॉली या तांबे-सोन्याच्या खाणीचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ खालच्या सरोवरांत गेला. हा देश श्रीमंत, तेथील अभियंते निष्णात. तरी बांध फुटला. बांधाखालच्या मातीचा एक कच्चा थर वेळीच ओळखला गेला नव्हता.

दुसरे भय आम्लाचे. दगडात गंधकयुक्त कण राहिले, हवा आणि पाणी लागले, की त्यातून आम्ल झिरपते आणि त्याबरोबर धातू ओढ्यात उतरतात. येथे निसर्गाची एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. या क्रियेला वेग देणारे जिवाणू आहेत; गंधक आणि लोखंड यांवरच ते जगतात. १९४७ साली शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे करून दाखविले. हेच जिवाणू कामाला लावून फेकलेल्या निकृष्ट दगडाच्या ढिगातून तांबे विरघळवून काढता येते. तो द्रव गोळा करून त्यातून तांबे वेगळे काढण्याची आणि विजेने धातूच्या पत्र्यावर बसविण्याची आधुनिक रीत १९६८ पासून ॲरिझोनात सुरू झाली आणि पुढे चिलीत फार वाढली. मलंजखंडच्या हलक्या दगडावर असे प्रयोग आपल्या प्रयोगशाळांनीही केले आहेत. कॅल्कोपायराइटवर ही क्रिया मंद चालते, ही त्यातील मोठी अडचण. परंतु ध्यानात घेण्यासारखे हे, की तोच जिवाणू बंदिस्त ढिगात असला तर धन देतो, आणि मोकाट ढिगात असला तर ओढा नासवितो. फरक असतो तो ढिगाखाली घातलेल्या अस्तराचा आणि वर ठेवलेल्या देखरेखीचा.

देवास आणि धार यांच्याशी या पाण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. तर मलंजखंडच्या परिसरातील बंजर नदी कान्हाच्या वनप्रदेशातून वाहत जाऊन मंडल्याजवळ नर्मदेला मिळते. नर्मदा पुढे शेकडो मैल पश्चिमेस येऊन देवास जिल्ह्यात नेमावरला आणि धार जिल्ह्यात धरमपुरीला आपले पाय धुते. खाण दूर आहे, अंतर फार आहे, आणि इतक्या अंतरात पुष्कळ काही विरून जाते, हे खरे. तरीही पंपासाठी तांबे मागणारा आणि त्या पंपाने नर्मदेचे पाणी उपसणारा माणूस एकच आहे, हे त्याने विसरू नये. बंजरच्या काठी पाणी भरणाऱ्या बैगा बाईला तर अंतराचेही संरक्षण नाही.

मलंजखंडचा उघडा खड्डा दोन किलोमीटरांहून लांब आणि दोनशे मीटरांहून खोल गेला. उघडी खाण जसजशी खोल जाते, तसतसा वरचा निरुपयोगी दगड अधिकाधिक हलवावा लागतो, आणि एका मर्यादेनंतर ते परवडत नाही. म्हणून गेल्या दशकात तेथे जमिनीखालची खाण उभारण्यास प्रारंभ झाला. उभ्या विहिरी, ज्यांस खाणीतील लोक शाफ्ट म्हणतात, आणि गाड्या उतरू शकतील असे उतरते बोगदे यांच्या वाटेने खोलवर पोचावयाचे आणि मोठमोठे कप्पे करून दगड काढावयाचा, अशी ही योजना आहे. हलका दगड जमिनीखालून काढणे उघड्या खाणीपेक्षा कठीण. पण जगात त्याचीही उदाहरणे आहेत. चिलीतील एल तेनिएन्ते या खाणीत शतकाहून अधिक काळ हे चालले आहे, आणि तिच्या बोगद्यांची लांबी तीन हजार किलोमीटरांवर गेली आहे.

भूमिगत खाणीचा एक मोठा गुण असा, की काढलेल्या दगडाचे पीठ सिमेंटमध्ये कालवून तेच रिकाम्या कप्प्यांत परत भरता येते. त्यामुळे वरची जमीन खचत नाही, मधले खांब म्हणून सोडलेले खनिजही काढता येते, आणि तळ्यातला गाळ कमी होतो. दळलेला दगड मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून सगळा परत जात नाही. निम्म्याच्या आसपास जातो. परंतु निम्मे ओझे जरी भूमातेच्या उदरात परत गेले, तरी ते थोडे नव्हे.

आधुनिक तंत्र म्हणजे केवळ मोठी यंत्रे, असा एक समज आपल्याकडे आहे. तो दुरुस्त केला पाहिजे. बिंगहॅमच्या खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी डोंगराची प्रचंड बाजू कोसळली. खाणींच्या इतिहासातील तो एक अतिप्रचंड कडेलोट होता. पण एकही माणूस दगावला नाही, जखमीही झाला नाही. कारण उतारांवर रडारची नजर होती. दगड दर दिवशी किती सरकतो, ते मोजले जात होते, आणि माणसे वेळीच बाहेर काढली गेली. उलट एल तेनिएन्ते येथे ३१ जुलै २०२५ रोजी धरणीकंपाबरोबर बोगदा ढासळला आणि सहा कामगार प्राणास मुकले. मोठ्या आणि नामांकित खाणीलाही भूगर्भ क्षमा करीत नाही. म्हणून नव्या यंत्राच्या किमतीबरोबर मोजमापाच्या आणि सावधगिरीच्या उपकरणांची किंमतही अंदाजपत्रकात पहिल्या पानावर असावी. शेवटच्या पानावरची रक्कम अडचणीच्या वर्षी प्रथम कापली जाते.

आणखी एक प्रश्न न्यायाचा आहे. जंगल गेले, जमीन गेली ती एका मुलखातील लोकांची. तारा गेल्या त्या दुसऱ्या मुलखातील कारखान्यांत. यंत्रे जितकी मोठी, तितके हात कमी लागतात. म्हणून खाण आली म्हणजे गावाला काम मिळेलच, असे म्हणता येत नाही. २०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणवाल्याने सरकारला द्यावयाच्या स्वामित्वधनाव्यतिरिक्त, त्या रकमेचा दहा ते तीस टक्के इतका हिस्सा या प्रतिष्ठानात भरावा, आणि तो खाणीमुळे बाधित झालेल्या लोकांच्या पाण्यासाठी, औषधोपचारासाठी, शिक्षणासाठी खर्चावा, अशी ती तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण तो पैसा ओढ्याच्या काठच्या गावात विहीर होऊन पोचला, की जिल्ह्याच्या ठिकाणी इमारत होऊन राहिला, हे तपासणारा नागरिक जागा असला, तरच ती कागदावरून जमिनीवर उतरेल.

कोणी म्हणेल, इतक्या कटकटी असतील, तर हे तांबे बाहेरूनच का आणू नये? आणतोच आहोत. परंतु बाहेरून येणारे खनिजही हलक्याच दगडातून काढलेले असते. त्याचे नव्व्याण्णव मण चिलीच्या किंवा पेरूच्या डोंगरात पडलेले असतात, एवढेच. पुन्हा, आणलेले खनिज वितळविणारी भट्टी तरी कोणाच्या तरी गावाशेजारीच असते. मे २०१८ मध्ये तुतिकोरीन येथील तांब्याच्या मोठ्या भट्टीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात तेरा माणसे बळी पडली आणि भट्टीला टाळे लागले. तोवर शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश त्यानंतर आयात करणारा झाला. लोकांचा विश्वास हा देखील या उद्योगाचा कच्चा माल आहे. तो संपला, तर भट्टी थंड होते. सरकारने २०२३ साली तयार केलेल्या अत्यावश्यक खनिजांच्या यादीत तांब्याचा समावेश केला, आणि खोल दडलेल्या खनिजांच्या शोधासाठी नवे परवाने देण्याची सोय त्याच वर्षी केली. शोध वाढेल, हे निश्चित. त्याबरोबर विश्वास वाढेल काय, हा प्रश्न आहे.

महाराष्ट्रापुरतेच बोलावयाचे, तर चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना आणि नागपूर जिल्ह्यातील पुलर-परसोडी या भागांत तांब्याची खनिजे आढळली आहेत. ती मलंजखंडच्या मानाने लहान आहेत. आणि येथेच जॅकलिंगच्या तत्त्वाची दुसरी बाजू दिसते. हलका दगड परवडतो तो फार मोठ्या प्रमाणावर काढला तर. साठा लहान असेल, तर प्रचंड गिरणी उभारण्याइतकी खाण टिकत नाही. म्हणून प्रत्येक टेकडीखाली तांबे आहे, एवढ्यावरून तेथे खाण झालीच पाहिजे, असा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. साठा किती, पाणी किती, गाळ कोठे ठेवणार, आणि खाण बंद झाल्यानंतरच्या पन्नास वर्षांची जबाबदारी कोणाची, ही चार उत्तरे लेखी मिळाल्यावरच कुदळ उचलावी. उत्तरे समाधानकारक असतील, तर नुसत्या भयापोटी मागे हटण्याचेही कारण नाही.

एक खाण मात्र अशी आहे, जिचा दगड हलका नाही. ती आपल्या घरात आहे. पुण्याच्या तांबट आळीत मोडीचे भांडे वितळवून किंवा ठोकून नवे घडविण्याची परंपरा पिढ्यानपिढ्या चालत आली. जुना हंडा मोडीत घातला, तर त्यातील तांबे जवळजवळ पुरतेच्या पुरते परत मिळते, आणि नव्या तांब्याला लागते त्याच्या अल्पांश शक्तीत मिळते. जळालेल्या मोटारीचे वेटोळे, जुनी तार, मोडका पंप या सर्वांत शंभर मणांतील एक मण नव्हे, तर मणातील बहुतेक सगळा मण तांबेच आहे. परंतु उघड्यावर तारेचे आवरण जाळून तांबे काढण्याचा जो प्रकार आपल्या शहरांच्या कडेला चालतो, तो धुराने शेजाऱ्यांचे आयुष्य जाळतो. तेथेही तंत्र हवे आणि देखरेख हवी. देवास आणि पीथमपूर यांसारख्या उद्योगनगरींनी आपली मोड नीट गोळा केली, तर त्या केवळ तांब्याचे गिऱ्हाईक न राहता तांब्याचे उत्पादकही होतील. तरीही वाढती गरज केवळ मोडीवर भागणार नाही, खाण लागेलच.

१८८७ सालचा धारचा पैसा हाती घेणाऱ्या माणसाला त्यातील तांबे कोठून आले, हे ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची त्याला गरजही वाटली नाही. आपल्याला ती सवड नाही. पंपाची कळ दाबताना, गाडीत वीज भरताना, त्या तारेमागे कोठे तरी एक पोखरलेला डोंगर आणि एक पिठाचे तळे आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. मलंजखंडच्या त्या तळ्याचा बांध शंभर पावसाळ्यांनंतरही शाबूत राहिला, त्यावर गवत उगवले आणि बंजरचे पाणी बैगांच्या लेकरांना ओंजळीने पिता आले, तर शंभर मणांतून काढलेला तो एक मण आपण खरोखर मिळविला, असे म्हणता येईल.